टेम्पोतून आणलेलं मत: ऊसतोड कामगारांचा मतदानाचा हक्क आणि निवडणुकीतला पैसा

डोंगरपट्टा

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या रांगांमधल्या एका गावात मी जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. बीएलओचं कामही बरीच वर्षं माझ्याकडेच आहे, म्हणजे गावातल्या एका भागाची मतदारयादी मी सांभाळते. मतदारयादीतले घोळ हा एक विषय आणि निवडणुकीतला पैसा हा दुसरा, असं आपण धरून चालतो. माझ्या गावात हे दोन विषय वेगळे काढताच येत नाहीत. म्हणून लिहायला बसले.

दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी आमचं गाव रिकामं होतं. मुकादमाने, म्हणजे टोळी जमवणाऱ्या माणसाने, उन्हाळ्यातच उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे दहा-पंधरा कोयते एका टोळीत. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सोलापूरला, कुणी बेळगावपर्यंत. मार्चमध्ये पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, घरी म्हातारी माणसं आणि हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर ठेवलेली पोरं. मतदारयादीच्या पुनरीक्षणाचे दिवसही बहुतेक वर्षी हेच. प्रारूप यादी लागते दिवाळीच्या आसपास, हरकती-दावे संपतात नोव्हेंबर-डिसेंबरात, अंतिम यादी जानेवारीत. मी घरोघर जाते तेव्हा निम्म्या दारांना कुलूप असतं.

एका वर्षी वरून तोंडी निरोप आला की सलग दोन फेऱ्यांत घर बंद दिसलं तर 'स्थलांतरित' लिहा आणि नमुना ७, म्हणजे नाव वगळायचा अर्ज, भरा. मी नाही भरला. कायद्यात सरळ लिहिलंय की तात्पुरता बाहेर गेलेला माणूस त्या गावचा रहिवासी राहतोच. पण शेजारच्या यादीभागात नावं गेली. वगळण्याआधी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस कुलपाच्या कडीत अडकवलेली मी स्वतः पाहिली आहे. घरमालक तेव्हा ३०० किलोमीटरवर उसाच्या फडात होता. आमच्या वस्तीवरची एक आजी मला दरवर्षी दारातच गाठते. "मॅडम, माह्या लेकाचं नाव कापू नगा. त्यो पट्टा पडला की येतो." पोराचं मतदार ओळखपत्र तिने भिंतीवरच्या फोटोमागे खोचून ठेवलंय. मी गेले की ते काढून दाखवते.

आता पैशाचं. १५ जानेवारी २०२१ ला राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक होती. ऐन हंगाम. आदल्या दिवशी संक्रांत. संक्रांतीच्या रात्री दोन-अडीच वाजता गावात टेम्पो आला. मागच्या हौद्यात तीस-पस्तीस माणसं, बहुतेक उभी. बायकांनी लेकरं लुगड्यात गुंडाळून छातीशी धरलेली, थंडीने सगळ्यांचे ओठ फाटलेले. टेम्पो उमेदवाराचा, डिझेल त्याचं, वाटेतलं जेवण त्याचं. दोन दिवसांचा खाडा पडतो म्हणून कोयत्यामागे रोख पैसेही. सकाळी मतं पडली. दुपारी त्याच टेम्पोत सगळे परत फडावर. आजी सुनेच्या हातावर तिळगूळ ठेवेपर्यंत ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

त्यातल्या एकीला मी विचारलं, "मत कुणाला द्यायचं हे तू ठरवलंस का?" ती माझी जुनी विद्यार्थिनी. म्हणाली, "त्याच्या डिझेलवर आलो मॅडम. दुसरीकडं कसं बटन दाबू?"

मत गुप्त असतं हे तिला ठाऊक होतं, शाळेत मीच शिकवलेलं. तरी तिला मिंधेपण वाटत होतं, आणि ते खरंखुरं होतं. मला त्या मिंधेपणाबद्दल बोलायचंय. तिला मत द्यायला यायची दुसरी कुठलीच सोय नाही म्हणून उमेदवाराचा पैसा तिच्यापर्यंत पोचतो. सोय केली तर त्या पैशाला वाटच उरणार नाही, असं मला वाटतं. तुमचं काय मत?

---

कृष्णाकाठ

ताई, मी पलीकडच्या टोकाला राहतो. तुमच्या भागातली टोळी दरवर्षी आमच्या शिवारात असते. पोस्ट वाचून खोपीतल्या माणसांचे चेहरे डोळ्यांसमोर आले.

मतदानाला टोळी गेली की इकडे काय होतं तेही सांगतो. तोडलेला ऊस फडात पडून वाळतो, वजन घटतं. कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस, शेतकऱ्याला फोन करतो, शेतकरी मुकादमाला, मुकादम टोळीला. म्हणून निम्म्या वेळा मुकादम त्यांना जाऊच देत नाही. ज्या पक्षाशी मुकादमाची सलगी, त्याच पक्षाची गाडी येऊ शकते. म्हणजे गाडी कुणाची येणार हेही मुकादमच ठरवतो. उचल अंगावर असलेला माणूस त्याला काय बोलणार?

---

स्पष्टवक्ता

मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मी सहमत नाही. गाडी नसती आली तर त्या बाईचं मतच पडलं नसतं. सरकारने नाही आणलं, उमेदवाराने आणलं. यात लोकशाहीचं काय बिघडलं? तीस माणसांनी मतदान केलं हे चांगलंच झालं की. खेडेगावात निवडणूक माणसांच्या जिवावर लढली जाते. शहरातले लोक घरापासून पाच मिनिटांवरच्या केंद्रावर जात नाहीत, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

---

डोंगरपट्टा

स्पष्टवक्ता, तुमचा मुद्दा मी स्वतःशीही पुष्कळदा घोळवलाय. गाडी आली नसती तर मत पडलं नसतं, खरं आहे. पण ज्या उमेदवाराकडे टेम्पोचे पैसे नाहीत त्याचं काय? त्याच निवडणुकीत आमच्या वॉर्डात अंगणवाडीतल्या मदतनीसचा नवरा उभा होता. माणूस चांगला, पाणंद रस्त्यासाठी चार वर्षं हेलपाटे घातलेला. त्याचे स्वतःचे दोन्ही भाऊ फडावर होते. त्यांना आणायला त्याच्याकडे गाडी नव्हती. ते समोरच्याच्या टेम्पोतून आले. तो ७ मतांनी पडला.

भावांनी मत कुणाला दिलं मी विचारलं नाही, विचारणारही नाही. पण त्याने पुन्हा कधी अर्ज भरला नाही.

---

उंबरठा

वकिली करते म्हणून कायद्याचं थोडं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १२३(५): मतदारांना केंद्रावर नेण्या-आणण्यासाठी उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कुणी वाहन पुरवणं हा भ्रष्ट आचार आहे. तो सिद्ध झाला तर निवडणूक रद्द होऊ शकते. कलम १३३ खाली तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. हे लोकसभा-विधानसभेला लागू. ग्रामपंचायतीचा कायदा वेगळा, त्यामुळे डोंगरपट्टा ताईंच्या प्रसंगाला तो जसाच्या तसा लावू नका. पण विधानसभेलाही टेम्पो येतातच.

सिद्ध कोण करणार? निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करायची. साक्षीदार कोण, तर टेम्पोतून आलेले लोक. ते तोवर फडावर परत गेलेले. शिवाय साक्ष कुणाविरुद्ध द्यायची, तर ज्याने आणलं त्याच्याच.

आणखी एक कलम आहे, १३५ब. मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी द्यायला हवी, रोजंदारीवाल्यालाही. न देणाऱ्या मालकाला दंड किती? ५०० रुपयांपर्यंत. आणि ऊसतोडीत मालक शोधायचा कुठे? कारखाना म्हणतो आमचा करार मुकादमाशी, मुकादम म्हणतो मी पण कामगारच. मजुरी टनावर. सुट्टीचा पगार मोजायचा तरी कशावरून?

---

नोंदवही

विधानसभेच्या एका निवडणुकीत खर्च तपासणीच्या कामावर होतो. कुठे आणि कधी ते लिहीत नाही.

प्रत्येक उमेदवाराची एक छाया नोंदवही असते, म्हणजे त्याच्या खर्चाची आम्ही वेगळी ठेवलेली नोंद. व्हिडिओ पथक सभांचं चित्रीकरण करतं. मग आम्ही खुर्च्या मोजायच्या, मांडव, हार, फेटे, झेंडे मोजायचे आणि जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे रक्कम मांडायची. चहाचा कपसुद्धा दराने लागतो. रात्री एक-एक वाजेपर्यंत बसून फेटे मोजलेत आम्ही. मनापासून केलं ते काम. पण परवान्याच्या गाड्या सोडून दुसरी गाडी त्या नोंदवहीत येतच नाही. मतदार घेऊन येणारा टेम्पो परवाना लावून येत नाही. मध्यरात्री येतो आणि मतदान संपायच्या आत जातो. तो कुणाच्याही खर्चात लागत नाही.

विधानसभेच्या उमेदवाराची मर्यादा आज ४० लाख, लोकसभेची ९५ लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराचाच धरायचा. लगेच अध्यादेश काढून कायदा बदलला आणि ती वाट मोकळी झाली. पुढे कलमात दुरुस्त्या झाल्या, तरी पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चावर आजही कमाल आकडा नाही.

गोपीनाथ मुंडे हे तुमच्याच जिल्ह्याचे, ऊसतोड कामगारांचे नेते. जून २०१३ मध्ये मुंबईतल्या कार्यक्रमात ते जाहीरपणे बोलले होते की २००९ ची लोकसभा लढवायला ८ कोटी लागले. तेव्हा मर्यादा होती २५ लाखांची. निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस पाठवली. माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग नाही. जे सगळ्यांना माहीत होतं ते ते व्यासपीठावरून बोलले, एवढंच.

---

पाऊलवाट

वरच्या प्रतिसादाला जोडून निवडणूक रोख्यांचं, म्हणजे पक्षांना देणगी देण्यासाठीच्या रोख्यांचं, आठवलं. रोखे २०१८ पासून स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांमध्ये मिळायचे, १,००० रुपयांपासून १ कोटीपर्यंत. कुणी कुणाला दिले हे मतदाराला कळायची सोय नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने योजना रद्द केली. कारण हे दिलं की मत देताना पक्षाला पैसा कुणाकडून येतो हे जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभा निवडणूक आटोपल्यावर. ११ मार्चला न्यायालयाने ती नाकारली आणि तीन दिवसांत याद्या आल्या.

मी त्या रात्री जागून याद्या वाचल्या. सगळ्यात मोठा देणगीदार लॉटरीच्या धंद्यातली फ्युचर गेमिंग, १,३६८ कोटी. दुसरी बांधकामातली मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी. घेणाऱ्यांत भाजप सुमारे ६,०६० कोटींवर पहिला, त्याच्यामागे तृणमूल, काँग्रेस, भारत राष्ट्र समिती. माकपने रोखे घेतले नव्हते, याचिकाकर्त्यांत तो पक्ष होता. सगळ्यात महत्त्वाचं मला हे वाटलं की २०१७ मध्ये कंपन्यांच्या देणगीवरची मर्यादा काढली होती, तीही न्यायालयाने परत आणली: तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के.

पण २०,००० पर्यंतच्या देणगीदारांची नावं आयोगाला कळवावी लागत नाहीत, हे तसंच आहे. आणि वरून खाली येता येता हा पैसा रोख होतो. डोंगरपट्टा ताईंच्या टेम्पोचं डिझेल कुठून आलं याचा माग कुठल्याच यादीत लागत नाही. म्हणून मला ताईंचं पटतं. वरच्या टोकाला उजेड पाडायचं काम न्यायालयाने केलं, खालच्या टोकाला पैशाची गरजच कमी करावी लागेल.

---

सातासमुद्रापार

मी गेली १४ वर्षं परदेशात आहे, भारतीय पासपोर्टवर. नमुना ६अ भरून माझं नाव पुण्याच्या यादीत आहे, पण मत द्यायला प्रत्यक्ष जावं लागतं. आमच्यासाठी मुखत्यारामार्फत मतदानाचं विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूरही झालं होतं, राज्यसभेत न जाता २०१९ मध्ये ते निकालात निघालं. २०२० मध्ये आयोगाने आमच्यासाठी टपाली मतपत्रिकेचा प्रस्ताव पाठवला.

हा धागा वाचून मला लाज वाटली, खरंच. विमानाचं तिकीट काढू शकणाऱ्या माझ्यासाठी संसदेत विधेयक आलं. राज्याच्या आतल्या आत पोटासाठी गेलेल्या माणसांसाठी तसं विधेयक आल्याचं आठवत नाही.

---

उंबरठा

विधेयक नाही, पण प्रयत्न झालाय. २०२२ च्या डिसेंबरात आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राची घोषणा केली. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांपर्यंतचं मतदान, खास स्थलांतरितांसाठी. २०१९ च्या लोकसभेला ३० कोटींहून जास्त मतदारांनी मतदान केलं नाही, हे कारण त्यांनीच दिलं होतं. १६ जानेवारी २०२३ ला सगळ्या पक्षांना प्रात्यक्षिकासाठी बोलावलं. विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले: स्थलांतरित कुणाला म्हणायचं, दूरच्या केंद्रावर आमचा पोलिंग एजंट कसा बसणार, आचारसंहिता कुठल्या राज्याची. प्रश्न रास्तच होते, पण गाडं तिथेच अडलं.

यंत्राशिवायही आपल्याकडे पायंडा आहे. विस्थापित काश्मिरी पंडितांसाठी जम्मू, उधमपूर, दिल्लीत खास केंद्रं असतात. तिथे बसून ते खोऱ्यातल्या मतदारसंघासाठी मत देतात.

---

कृष्णाकाठ

खास केंद्राची कल्पना मलाही सुचली होती, पण भीती वाटते. केंद्र ठेवणार कुठे? कारखान्याच्या गेटवर सोयीचं. पण कारखान्याचा अध्यक्ष बहुतेक वेळा स्वतः राजकारणात असतो. त्याच्या हद्दीत, त्याच्या माणसांसमोर रांग लावायची म्हणजे टेम्पोतलं मिंधेपण गेटवर आणून ठेवल्यासारखं. ठेवायचंच तर तालुक्याच्या शाळेत ठेवा, आणि फडापासून तिथवर एसटी सोडा. आयोगाच्या खर्चाने.

---

स्पष्टवक्ता

ताईंच्या त्या ७ मतांच्या गोष्टीने मी दोन दिवस अस्वस्थ आहे. माझं म्हणणं बदलतो. एसटीचं मला पटलं. एक प्रश्न मात्र आहे: ग्रामपंचायतीचं काय? तिथे एका वॉर्डात पाच-सहाशे मतं. तेवढ्यांसाठी लांबच्या जिल्ह्यात केंद्र कोण उघडणार?

---

डोंगरपट्टा

स्पष्टवक्ता, मनापासून आभार. ग्रामपंचायतीसाठी यंत्रही नको आणि केंद्रही नको. फक्त तारीख बदलायची.

मी हिशोब मांडला. जानेवारी २०२१ ला निवडून आलेल्या पंचायतींची पाच वर्षं पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीतच भरतात. १८ डिसेंबर २०२२ ला साडेसात हजारांहून जास्त पंचायतींची निवडणूक झाली, त्यांची मुदतही हंगामातच संपणार. एकदा निवडणूक हंगामात पडली की मुदत संपायच्या सुमारासच पुढची लावतात, म्हणून ती दर पाच वर्षांनी हंगामातच पडत राहते. पण राज्यघटनेचं कलम २४३ई म्हणतं की निवडणूक मुदत संपण्यापूर्वी पूर्ण करायची. मुदत जानेवारीत संपत असेल तर मतदान सप्टेंबरच्या अखेरीस का नको? तेव्हा सगळे गावात असतात. टेम्पोची गरजच पडत नाही. निवडून आलेल्यांनी कारभार हातात घ्यायचा तो जुन्यांची मुदत संपल्यावर. यासाठी नियमात काय बदल लागतील ते उंबरठा ताईंनी तपासून सांगावं.

ज्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला माणसं जातात तिथल्या ग्रामसभांनी राज्य निवडणूक आयोगाकडे असा ठराव पाठवावा, अशी माझी सूचना आहे. आमच्या गावाचा मसुदा मी लिहून ठेवलाय.

---

उंबरठा

तपासते, नक्की. मसुदा मला पाठवा. आणि मतदारयादीचं काय करताय? बिहारमधला २०२५ चा अनुभव विसरू नका. विशेष सखोल पुनरीक्षणात १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं बाहेर होती. मयत, स्थलांतरित, दुबार अशी कारणं. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर ती नावं कारणांसकट जाहीर झाली. तिथूनही लाखो माणसं कामाला बाहेर जातात. नाव गेलंय हे माणसाला कळायच्या आत मुदत संपू नये, एवढीच धडपड करावी लागते.

---

डोंगरपट्टा

त्याचीच तयारी चाललीय. पितृपंधरवडा संपत आलाय, पहिल्या टोळ्या निघायला फार दिवस नाहीत. शाळा सुटल्यावर रोज एक वस्ती घेते. यादीतल्या प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहिते: फडावर लागेल असा मोबाइल नंबर, मुकादम कोण आणि घरी मागे कोण राहणार. शेजाऱ्याची सही घेते की हा माणूस हंगामाला गेलाय, गाव सोडून नाही. हा काही सरकारी नमुना नाही, साधी शंभर पानी वही आहे. पण कुलूप दिसलं म्हणून उद्या कुणी नमुना ७ पुढे केला तर मला दाखवायला कागद असेल. नोटीस निघाली तर कडीला अडकवण्याआधी मी फोन करीन.

काल आजीच्या घरी गेले होते. पोरगा घरीच होता, कोयत्याला धार लावत बसलेला. नंबर दिला, बायकोचाही दिला. आजीने फोटोमागचं कार्ड काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "ह्ये संगं ने." तो म्हणाला, "तिथं खोपीत भिजंल, हितंच राहू दे." दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलवर कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याला पाठवला, आणि कार्ड परत फोटोमागे गेलं.

आतापर्यंत ४१ घरं झाली. पलीकडची तांडावस्ती राहिलीय, तिथे उद्या जाते.